फोल्डरवरचा पहारा आणि अर्धवट फाइली

ठरावीक फोल्डरमध्ये फाइल आली, बदलली किंवा नाहीशी झाली की संगणकाने आपण होऊन पुढचे काम करावे, यासाठी स्क्रिप्ट, म्हणजे आदेशांची छोटी फाइल, कशी लिहावी असे विचारणारी बरीच पत्रे या महिन्यात आली आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिले उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांतील बऱ्याच गोष्टी त्यावर उभ्या आहेत.

प्रश्न : नारायण पेठेत आमचे छोटे मुद्रणालय आहे. ग्राहक आपापल्या पीडीएफ फाइली एसएफटीपीने (इंटरनेटवरून फाइली सुरक्षित पाठवण्याच्या पद्धतीने) आमच्या लिनक्स सर्व्हरवरील ‘आवक’ या फोल्डरमध्ये पाठवतात आणि क्रॉनमधून (ठरावीक वेळी काम चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीतून) दर मिनिटाला चालणारी स्क्रिप्ट तेथे दिसेल ती फाइल उचलून प्लेट काढणाऱ्या संगणकाकडे पाठवते. एरवी हे ठीक चालते. परंतु दिवाळी अंकांच्या हंगामात मोठ्या फाइली येऊ लागल्या की काही अर्धवटच पुढे जातात. एका अंकाची तर शेवटची पाने गळाली आणि ते प्रूफ पाहताना लक्षात आले म्हणून निभावले. क्रॉन सोडून फोल्डरवर सतत नजर ठेवणारी स्क्रिप्ट लिहिली तर हा प्रश्न सुटेल का?

उत्तर : केवळ तेवढ्याने सुटणार नाही, उलट एखादे वेळी वाढेल. दर मिनिटाला फिरणाऱ्या स्क्रिप्टला अर्धवट फाइल योगायोगाने सापडते. फाइल निर्माण झाल्याबरोबर जागी होणाऱ्या स्क्रिप्टला ती हमखास अर्धवटच सापडेल, कारण त्या क्षणी फाइलीचे फक्त नाव तयार झालेले असते आणि आत मजकूर आलेला नसतो.

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, 2005 साली, 2.6.13 या आवृत्तीपासून, आयनोटिफाय नावाची सोय आली. एखाद्या फोल्डरवर ‘वॉच’ लावले की तेथे घडणाऱ्या प्रत्येक घटनेची सूचना कर्नल आपल्या प्रोग्रामला देतो. शेल स्क्रिप्टमधून ही सोय वापरायची तर आयनोटिफाय-टूल्स या पॅकेजमधील आयनोटिफायवेट हा आदेश पुरतो. त्यात फाइल निर्माण झाल्याची सूचना ‘क्रिएट’, आत लिहिले गेल्याची ‘मॉडिफाय’, लिहिण्यासाठी उघडलेली फाइल बंद झाल्याची ‘क्लोज राइट’ आणि दुसऱ्या नावावरून किंवा फोल्डरमधून फाइल येथे आल्याची ‘मूव्हड टू’ या नावाने मिळते. सर्वसाधारण सल्ला असा दिला जातो की ‘क्लोज राइट’ची वाट पाहावी, म्हणजे फाइल पूर्ण झालेली असते. आपल्या बाबतीत हा सल्ला अपुरा आहे आणि तो का अपुरा आहे हे तपशिलात पाहणे आवश्यक आहे.

आपल्या ग्राहकांपैकी जो फाइलझिलासारख्या प्रोग्रामने थेट अंतिम नावानेच फाइल पाठवतो, त्याची फाइल पूर्ण झाल्यावर ‘क्लोज राइट’ मिळेल हे खरे आहे. परंतु मध्येच त्याचे इंटरनेट तुटले तर आपल्या सर्व्हरवरील एसएफटीपीची प्रक्रिया संपते, संपताना उघडी फाइल बंद होते आणि त्या अर्धवट फाइलीसाठीही तीच ‘क्लोज राइट’ सूचना येते. दुसरा ग्राहक विनएससीपी वापरत असेल, तर तो प्रोग्राम 100 किलोबाइटपेक्षा मोठी फाइल आधी ‘फाइलपार्ट’ हे शेपूट लावलेल्या तात्पुरत्या नावाने लिहितो आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलतो; म्हणजे ‘क्लोज राइट’ मिळते ते भलत्याच नावाला. एखादा जाणकार ग्राहक आरसिंक हा फाइली पाठवणारा आदेश वापरत असेल, तर तेथेही आधी टिंबाने सुरू होणारी लपलेली फाइल लिहिली जाते आणि नंतर नामांतर होऊन ‘मूव्हड टू’ येते. यात भर म्हणजे ओपनएसएसएच या पॅकेजचा एसएफटीपी सर्व्हर नामांतराची साधी विनंती आल्यास थेट नामांतर न करता बहुधा त्याच फाइलीला नव्या नावाचा दुवा जोडतो आणि जुने नाव पुसतो. अशा वेळी नव्या नावासाठी ‘मूव्हड टू’ही येत नाही आणि ‘क्लोज राइट’ही येत नाही, येते ती फक्त ‘क्रिएट’, जिच्याकडे दुर्लक्ष करा असे आपल्याला सांगितलेले असते.

म्हणून सूचनेला पुरावा मानू नये, केवळ चाहूल मानावे. काहीतरी घडले आहे एवढेच तिच्यावरून ठरवावे आणि फाइल खरोखर पूर्ण आहे की नाही याचा निर्णय स्क्रिप्टने प्रत्यक्ष फोल्डर पाहूनच घ्यावा. आपल्यासाठी मी पुढील रचना सुचवीन. स्क्रिप्टने ‘क्रिएट’, ‘क्लोज राइट’ आणि ‘मूव्हड टू’ या तिन्ही सूचना ऐकाव्यात, परंतु कोणतीही सूचना आली तरी एकच कृती करावी, ती म्हणजे ‘आवक’ फोल्डरची संपूर्ण फेरी. या फेरीत टिंबाने सुरू होणारी आणि ‘फाइलपार्ट’ शेपटाची नावे वगळावीत. उरलेल्या प्रत्येक फाइलीचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ नोंदवावी व अर्ध्या मिनिटाने पुन्हा पाहावी. दोन्ही गोष्टी तशाच असतील तरच पुढे जावे.

त्यानंतर पीडीएफची स्वतःची खूण तपासावी. प्रत्येक पूर्ण पीडीएफच्या शेवटी दोन टक्क्यांची चिन्हे आणि त्यांना जोडून ईओएफ ही रोमन अक्षरे असतात. ही खूण फाइलीच्या शेवटच्या 1024 बाइटांत शोधावी, संपूर्ण फाइलीत शोधू नये; कारण वेबसाठी खास मांडणी केलेल्या पीडीएफमध्ये ती सुरुवातीजवळही एकदा असते, आणि संपूर्ण फाइलीत शोध घेणाऱ्या स्क्रिप्टला अर्धवट फाइलही पूर्ण वाटते. खूण सापडली की ती फाइल त्याच डिस्कवरील ‘कामात’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावी आणि प्लेटचे काम तेथूनच सुरू करावे. एकाच फाइलव्यवस्थेत हलवणे म्हणजे केवळ नामांतर असते, ते एका क्षणात पुरे होते किंवा होतच नाही. वेगळ्या डिस्कवर हलवले तर मात्र ती आधी नक्कल आणि नंतर मूळ प्रत पुसणे अशी दोन कामे होतात, आणि मग अर्धवट फाइलीचे तेच दुखणे दुसऱ्या ठिकाणी सुरू होते. खूण न सापडता अर्धा तास पडून राहिलेल्या फाइलीची यादी स्क्रिप्टने कामावरच्या माणसाकडे द्यावी. ग्राहकाला दूरध्वनी करण्याचे काम शेवटी त्याचेच आहे.

स्क्रिप्ट लिहिताना एक चूक सर्रास होते. आयनोटिफायवेटला सतत ऐकत राहण्याचा पर्याय दिला नाही तर तो पहिल्या सूचनेनंतर थांबतो. मग लूपमध्ये ‘सूचना घे, काम कर, पुन्हा ऐक’ अशी रचना केली जाते आणि काम चालू असताना आलेल्या फाइलींची सूचना कोणालाच मिळत नाही. सतत ऐकणारा एकच आयनोटिफायवेट चालू ठेवून त्याचे निकाल पाइपमधून (एका आदेशाचे निकाल दुसऱ्याकडे नेणाऱ्या जोडणीतून) वाचल्यास त्या काळातील सूचना रांगेत थांबून राहतात. तसेच आधी पहारा बसवावा आणि मग पहिली फेरी काढावी. उलट क्रमाने केल्यास त्या दोहोंच्या मध्ये आलेली फाइल निसटते.

आपली क्रॉनची स्क्रिप्ट मात्र टाकून देऊ नका. वरील तपासण्या तिच्यात घातल्या आणि आधीची फेरी संपण्यापूर्वी दुसरी सुरू होऊ नये म्हणून फ्लॉक या आदेशाने कुलूप लावले, तर आपला मूळ प्रश्न क्रॉनवरही सुटतो. पहाऱ्यामुळे वाचेल ते एका मिनिटाचे थांबणे, आणि प्लेट काढण्याच्या कामात त्या मिनिटाला फारशी किंमत नाही असे मला वाटते.

प्रश्न : भोसरीतील आमच्या कारखान्यात यंत्रावर मोजलेल्या प्रत्येक भागाचा अहवाल सीएसव्ही फाइलीच्या रूपाने विंडोज संगणकावरील फोल्डरमध्ये जमा होतो. पॉवरशेल या विंडोजच्या स्क्रिप्ट-भाषेत फाइलसिस्टिमवॉचर ही फोल्डरवर नजर ठेवणारी सोय वापरून मी त्या फाइली वाचून एका तक्त्यात भरतो. एकाच अहवालाची नोंद कधी दोनदा, कधी तीनदा होते. आणि पाळी संपताना यंत्रावरून शेकडो अहवाल एकदम आले की काहींची नोंदच होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा घडू शकतात?

उत्तर : दोन्हींची कारणे वेगळी आहेत. फाइल तयार होणे, तिच्यात तुकड्यातुकड्याने लिहिले जाणे आणि तिची वेळ व इतर गुणधर्म बदलणे या विंडोजच्या दृष्टीने स्वतंत्र घटना आहेत, त्यामुळे एका ‘सेव्ह’मागे ‘चेंज्ड’ची सूचना अनेकदा येणे हे तेथील नेहमीचे वर्तन आहे. उपाय असा की, सूचना येताच काम न करता फाइलीचे नाव यादीत टाकावे आणि त्या नावाची शेवटची सूचना येऊन दोन सेकंद उलटल्यावरच फाइल इतर कोणाला उघडता येणार नाही अशा अटीवर उघडून पाहावी. मापनाच्या प्रोग्रामने ती अजून धरून ठेवली असेल तर उघडण्यास नकार मिळेल. अशा वेळी थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा.

नोंदी गहाळ होण्याचे कारण सूचना साठवणारी जागा अपुरी पडणे हे आहे. फाइलसिस्टिमवॉचरचा साठा मुळात 8192 बाइटांचा असतो. प्रत्येक सूचनेला 16 बाइटांपर्यंत जागा लागते, शिवाय फाइलीच्या नावातील प्रत्येक अक्षराला 2 बाइट. आपल्या अहवालांची नावे भागाचा क्रमांक, तारीख आणि वेळ धरून 40 अक्षरांची असतील, तर एका सूचनेला 96 बाइट लागतात आणि साधारण 85 सूचनांत साठा भरतो. त्यातही एका फाइलीच्या तीन सूचना धरल्या तर तीसेक फाइलीच झाल्या. साठा ओसंडला की त्यातील सूचना नाहीशा होतात आणि ‘एरर’ ही घटना उठते, जी बहुतेक स्क्रिप्टांमध्ये कोणी ऐकतच नाही. साठा 64 किलोबाइटपर्यंत वाढवावा, सूचना हाताळणारा भाग केवळ नाव रांगेत टाकून परत फिरेल इतका हलका ठेवावा आणि ‘एरर’ आली की संपूर्ण फोल्डरची फेरी काढावी.

फेरी काढताना कोणता अहवाल आधी भरला आहे हे कळण्यासाठी कचेरीत आवक नोंदवही असते तशी एक नोंदवही स्क्रिप्टनेही ठेवावी. नाव, आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ या तीन रकान्यांचा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमधील साधा तक्ता पुरेसा आहे. नोंदवहीत असलेली फाइल पुन्हा भरायची नाही एवढा नियम पाळला तर तिप्पट सूचनांचा त्रासही आपोआप थांबतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असताना किंवा विंडोज अद्ययावत होऊन संगणक मध्यरात्री पुन्हा सुरू झाल्यावर स्क्रिप्ट बंद पडली असेल, तर त्या काळातील सूचना कोठेही साठून राहत नाहीत. सुरू होताच नोंदवही आणि फोल्डर ताडून पाहणे हाच मार्ग उरतो.

आता एवढे सर्व केल्यावर पहाऱ्याची गरज किती उरते, असे आपल्याला वाटेल आणि ते योग्यच आहे. काही हजार फाइलींची यादी दर दहा सेकंदांनी वाचणे आजच्या संगणकाला जाणवतही नाही. ठरावीक वेळाने पाहण्याच्या पद्धतीला प्रोग्रामर मंडळी नाके मुरडतात, पण आपल्यासारख्या कामात मी तीच निवडीन. अहवाल नेटवर्कवरील सामायिक साठ्यात जमा होत असतील तर त्याहूनही आधी निवडीन, कारण तेथील सूचना आपल्या संगणकापर्यंत पोहोचतीलच याचा भरवसा नसतो.

प्रश्न : मी धनकवडीत राहतो आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आयनोटिफाय वापरून मी सी भाषेत एक प्रोग्राम लिहिला आहे, जो प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये काही बदलले की चाचण्या पुन्हा चालवतो. डिस्कवर 200 गिगाबाइट जागा मोकळी असताना तो ‘डिव्हाइसवर जागा उरलेली नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन थांबतो. शिवाय मित्राच्या लॅपटॉपवर, विंडोजमध्येच लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमध्ये, तोच प्रोग्राम चालतो पण बदल ओळखत नाही.

उत्तर : येथे संपली आहे ती डिस्कवरची जागा नाही, तर वॉचची मर्यादा; कर्नलने तिच्यासाठी जुन्याच त्रुटीचा क्रमांक वापरला असल्याने संदेश दिशाभूल करतो. आयनोटिफायचे एक वॉच एकाच फोल्डरपुरते असते, त्यामुळे उपफोल्डरांसह पहारा ठेवायचा तर प्रत्येक उपफोल्डरला वेगळे वॉच लागते. एका वापरकर्त्याला किती वॉच मिळतील याचा आकडा पूर्वी मुळात 8192 असे, 5.11 या कर्नलपासून तो संगणकाच्या मेमरीनुसार ठरतो. आपल्या प्रकल्पात नोड मॉड्यूल्सचा (जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजांचा) फोल्डर असेल तर तो एकटाच हजारो वॉच खाऊन टाकील. मर्यादा सिसकंट्रोल या कर्नलच्या मांडणीतून वाढवता येते, परंतु त्याआधी असे फोल्डर आणि गिटचा लपलेला फोल्डर वगळावा, कारण त्यांतील बदलांवरून चाचण्या चालवण्यात काही अर्थ नाही.

आपल्या प्रोग्राममध्ये आणखी दोन गोष्टी तपासून पाहा. नवे उपफोल्डर तयार झाल्याची सूचना येऊन आपण त्यावर वॉच लावेपर्यंत त्यात फाइली तयार झालेल्या असू शकतात, म्हणून वॉच लावल्यावर त्या उपफोल्डरची यादी वाचणे आवश्यक आहे. दुसरे असे की, न वाचलेल्या सूचनांची रांग मुळात 16384 पर्यंतच वाढते. त्यापुढे ‘ओव्हरफ्लो’ ही एकच सूचना मिळते आणि तेव्हा फोल्डर-उपफोल्डरांचा संपूर्ण वृक्ष पुन्हा वाचावा लागतो. लागोपाठच्या एकसारख्या सूचना कर्नल एकत्रही करतो, त्यामुळे सूचना मोजून किती वेळा लिहिले गेले हे काढण्याचा प्रयत्न करू नये.

मित्राने प्रकल्प विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवला असावा. डब्ल्यूएसएलच्या दुसऱ्या आवृत्तीत तो ड्राइव्ह लिनक्सला नेटवर्कवरील साठ्यासारखा जोडलेला असतो आणि विंडोजच्या बाजूने केलेले बदल लिनक्सच्या कर्नलमधून जातच नाहीत, मग तो सूचना कोठून देणार? एनएफएस या नेटवर्कवरील सामायिक साठ्यावर दुसऱ्या संगणकाने केलेला बदल आपल्याला न कळण्याचे कारणही हेच आहे. प्रकल्प लिनक्सच्या घरफोल्डरमध्ये हलवला की प्रोग्राम चालू लागेल.

प्रश्न : सहकारनगरमधील आमची हौशी मंडळी जुनी छायाचित्रे स्कॅन करून गावांच्या नावाने जपून ठेवतात. काही जण मॅकवर काम करतात, मुख्य साठा लिनक्सवर आहे. नवी फाइल आली की यादीत नोंद करणारी पायथन स्क्रिप्ट ‘कऱ्हाड’ नावाची एकच फाइल दोन वेगळ्या फाइली समजते. डोळ्यांना दोन्ही नावांत काहीही फरक दिसत नाही.

उत्तर : फरक डोळ्यांना दिसणारा नाही, पण बाइटांत आहे. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येते. एक, त्याचा स्वतःचा संकेतांक वापरून. आणि दुसरे, साधा ‘र’ व त्याखालचा नुक्ता (टिंब) असे दोन संकेतांक जोडून. जुन्या मॅक संगणकांची एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था नावे नेहमी दुसऱ्या, फोडलेल्या रूपात साठवत असे, त्यामुळे त्या डिस्कवरून आलेले ‘कऱ्हाड’ आणि लिनक्सवर थेट टंकलेले ‘कऱ्हाड’ हे लिनक्सच्या दृष्टीने दोन वेगळी नावे ठरतात. ‘वऱ्हाड’, ‘कुऱ्हाड’ अशा नावांनाही हाच त्रास होईल, ‘सातारा’ला होणार नाही.

पायथनच्या युनिकोडडेटा या मॉड्यूलमधील नॉर्मलाइझ या फंक्शनने प्रत्येक नाव एनएफसी, म्हणजे जोडलेल्या, रूपात आणून मगच यादीशी ताडावे. फाइल उघडताना मात्र डिस्कवर आहे तेच मूळ नाव वापरावे, नाहीतर ‘फाइल सापडत नाही’ असा निरोप मिळेल. हातासरशी साठ्यातील जुनी नावेही एकदा एनएफसीमध्ये बदलून घेतल्यास बरे. तत्पूर्वी दोन रूपांतील दोन खरोखर वेगळी छायाचित्रे एकाच नावावर येऊन एक पुसले जाणार नाही ना, हे पाहून घ्यावे.

प्रश्न : कोथरूड येथील आमच्या सनदी लेखापालाच्या कार्यालयात सामायिक फोल्डरमधून ग्राहकाची एक फाइल नाहीशी झाली. ती कोणी पुसली हे स्क्रिप्टने शोधता येईल का? आता ऑडिट ट्रेल (कोणता बदल कधी झाला याची नोंद) सक्तीचा झाला आहे असेही ऐकतो. तो नियम आम्हाला लागू आहे का?

उत्तर : आयनोटिफाय किंवा फाइलसिस्टिमवॉचर यांच्या सूचनेत करणाऱ्याचे नाव नसते, त्यामुळे त्यांवर आधारलेली कोणतीही स्क्रिप्ट हे सांगू शकणार नाही. त्यासाठी ऑडिट, म्हणजे कोणी काय केले याची नोंद ठेवणे, चालू करावे लागते, आणि ते चालू करण्यापूर्वी पुसलेल्या फाइलीचा छडा त्यातून लागत नाही. आपल्या या फाइलीसाठी बॅकअपच पाहावा.

विंडोज सर्व्हरवर दोन ठिकाणी बदल करावे लागतात आणि बहुतेक कार्यालयांत त्यांपैकी एकच केलेला आढळतो. एकीकडे सुरक्षा धोरणात ‘ऑडिट फाइल सिस्टिम’ चालू करायचे आणि दुसरीकडे त्या फोल्डरच्या गुणधर्मांतील ऑडिटिंगच्या भागात पुसण्याच्या कृतीची नोंद ठेवण्यास सांगायचे. त्यानंतर सुरक्षा-नोंदींमध्ये 4663 क्रमांकाची घटना वापरकर्ता आणि फाइलीचे नाव देते. 4660 ही घटना फाइल खरोखर पुसली गेल्याचे सांगते, परंतु तिच्यात फाइलीचे नाव नसते, म्हणून दोन्हींची सांगड हँडलच्या (उघडलेल्या फाइलीला विंडोजने दिलेल्या ओळखीच्या) क्रमांकावरून घालावी लागते. सुरक्षा-नोंदींची ही नोंदवही मुळात सुमारे 20 मेगाबाइटची असते आणि भरली की जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. ऑडिट सुरू करताना तिचा आकार वाढवला नाही तर महिन्याभराने शोधू पाहाल तेव्हा हाती काही लागणार नाही. सामायिक फोल्डर लिनक्सवरील सांबा या विंडोजशी फाइली सामायिक करणाऱ्या प्रोग्राममधून दिला असेल तर फुल ऑडिट हे त्याचे मॉड्यूल वापरकर्त्याबरोबर त्याच्या संगणकाचा आयपी पत्ताही नोंदवते. या सगळ्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याचे खाते वेगळे असावे लागते. सर्व जण ‘ऑफिस’ या एकाच नावाने आत शिरत असतील तर नोंदीतही ‘ऑफिस’नेच फाइल पुसली असे दिसेल.

ऑडिट ट्रेलचा आपण म्हणता तो नियम 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या लेखा-सॉफ्टवेअरला लागू झालेला आहे. हिशेबाच्या नोंदीत केलेला प्रत्येक बदल त्या सॉफ्टवेअरने तारखेसह नोंदवावा, असे तो सांगतो. कार्यालयातील सामायिक फोल्डरमधील फाइलींवर पहारा ठेवण्याची सक्ती त्यातून येत नाही.